ल्योंच्या विद्यापीठाला मोहाडीचा विनंती अर्ज

अर्जनवीस हा प्राणी आता फारसा दिसत नाही, म्हणून आधी तो काय असतो ते सांगतो. तहसील कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली एक टेबल, एक खुर्ची, समोर लाकडी बाक. टेबलावर कार्बन, टाचण्या, अंगठ्यासाठी शाईचा पॅड आणि मराठी टाइपरायटर. त्या टाइपरायटरमागे बसलेला माणूस म्हणजे अर्जनवीस. ज्याला सरकारकडे काही मागायचं असतं, पण कसं मागायचं ते ठाऊक नसतं, तो त्याच्याकडे येतो. मोहाडीला हे काम मी पस्तीस वर्षं केलं. लोक मला मुन्शीजी म्हणत. बायको मात्र म्हणायची, "दुसऱ्यायचं रडगाणं लिवून लिवून तुमचा आवाजच रडका झाला."

तिचं काही खोटं नव्हतं. मराठी अर्जाचा सारा जीव रडण्यात असतो. वर 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी', मग अर्जदाराचं नाव-गाव, मग 'अर्जदार हा अत्यंत गरीब असून', आणि शेवटी 'करिता साहेबांनी दयाळू होऊन'. यातल्या गरिबीच्या भागात माझा हातखंडा होता. एकदा एका नायब तहसीलदारांनी मला आत बोलावलं. समोर अर्जदार उभा होता आणि खिडकीबाहेर त्याची नवी कोरी मोटारसायकल. साहेब म्हणाले, "मुन्शीजी, तुमच्या अर्जातला माणूस दोन दिवसांचा उपाशी आहे. तो कुठे आहे, त्याला आधी बोलवा." मी खाली मान घालून बाहेर आलो. पण खरं सांगायचं तर मनातून खूश होतो. साहेबानं अर्ज शेवटपर्यंत वाचल्याचा तो पुरावा होता.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. दोन म्हातारे एकाच गावाहून, एकाच एसटीने, एकाच सीटवर बसून यायचे. दोघांच्या धानाच्या शेतांमध्ये एक धुरा, म्हणजे सामाईक बांध होता आणि धुऱ्यावर एक आंबा. तो आंबा कोणाचा, यावर ते दरवर्षी एकमेकांविरुद्ध अर्ज करायचे आणि दोघांचेही अर्ज मीच लिहायचो. एकाचा लिहून होईपर्यंत दुसरा बाकावर तंबाखू मळत ऐकत बसायचा. अर्जदार सांगायचा, "मुन्शीजी, त्यानं मले शिवी देल्ली असं लिवा. देल्लीच होती त्यानं." ज्याच्याबद्दल हे चाललेलं असे, तो मान डोलावून म्हणायचा, "हो, देल्ली होती."

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी तर माझ्या टेबलासमोर जत्रा भरली होती. जिल्ह्याचे दोन झाले, पण लोकांच्या कागदांना ते कळायला वेळ लागला. कोणाचा दाखला इकडे, कोणाची फाइल तिकडे. मी सकाळी सहाला घरून निघायचो आणि बोटं दुखेपर्यंत टाइप करायचो. पुढे मोबाइल हातोहाती आले, कचेरीसमोर संगणकाची दुकानं उघडली, अर्ज 'भरायचे' झाले, लिहायचे राहिले नाहीत. त्या पडत्या काळात माझ्याकडे जे काम आलं, त्याबद्दल मला सांगायचं आहे. माझ्या टेबलावरून सर्वांत दूर गेलेला अर्ज तोच.

गणपतराव हेडाऊ मोहाडीचेच. पिढ्यान्पिढ्या विणकर. घरात हातमाग आणि मागावर कोशाची, म्हणजे टसर रेशमाची साडी. एकदा मागाच्या शेडसाठी मी त्यांचा अर्ज लिहिला होता आणि पहिल्या फटक्यात मंजुरी मिळाली होती. तेव्हापासून त्यांची माझ्यावर जी श्रद्धा बसली, ती देवावरही नसावी. एका सकाळी ते मुलीला घेऊन टेबलासमोर उभे राहिले.

"मुन्शीजी, रोशनीले फ्रान्सले शिकाले जायचं हाय. तुमच्या हातचा अर्ज पायजे."

मी टाइपरायटरवरची बोटं उचलली. "गणपतराव, मले फ्रेंच नाई येत जी."

"तिले येते. तुम्ही मराठीत लिवा, ते त्यायच्या भाषेत करते."

रोशनीनं नागपुरात कापडशास्त्राची पदवी घेतली होती आणि कॉलेज करता करता दोन वर्षं फ्रेंचचा वर्गही केला होता. तिनं मला सगळा प्रकार समजावला. फ्रान्समध्ये सरकारी विद्यापीठांत बाहेरच्या देशातली मुलंही शिकू शकतात. ल्यों नावाचं शहर तिकडे रेशमासाठी नावाजलेलं, तिथं धाग्यांचा आणि कापडाचा अभ्यास होतो. आधी संगणकावर एक मोठा फॉर्म भरायचा, त्यात चार-पाच विद्यापीठं निवडायची, भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र जोडायचं. मग त्यांच्या मुंबईच्या कार्यालयात मुलाखत. मग विद्यापीठं आपापलं उत्तर कळवणार, आणि कोणी हो म्हटलं तर व्हिसा. या सगळ्यात एकच गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहायची होती.

"काकाजी, एक पत्र पायजे त्यायले. आपल्याले काहून शिकायचं हाय अन् त्यायच्याच इथं काहून, येवढंच."

"समजलं मले," मी म्हणालो आणि कागद सरकवला.

काय समजलं होतं, ते आता लिहिताना हसू येतं. मी लिहिलं: 'मेहेरबान प्राचार्य साहेबांचे सेवेशी. अर्जदार कुमारी रोशनी गणपतराव हेडाऊ, राहणार मोहाडी, जिल्हा भंडारा, विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की, अर्जदार ही अत्यंत गरीब विणकर कुटुंबातील असून हातमाग हेच उपजीविकेचे एकमेव साधन आहे. आपण प्रवेश नाकारल्यास अर्जदाराचे संपूर्ण आयुष्य अंधकारमय होऊन कुटुंबावर उपासमारीची पाळी येईल. करिता साहेबांनी दयाळू होऊन अर्जदारास प्रवेश द्यावा. अर्जदार जन्मभर आपली ऋणी राहील.' टाइप करताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. गणपतराव तर पदोपदी मान हलवत होते.

रोशनीनं कागद दोनदा वाचला. "काकाजी, उपासमारीची ओळ गाळू का?"

"बाई, त्याच ओळीवर तर साहेब सही करते."

"पण त्यायनं असं विचारलंच नाई."

गणपतराव मधे पडले. "मुन्शीजी म्हणते तसंच लिव. तुह्यापेक्षा जास्त साहेब पायले त्यायनं."

वडिलांपुढे आणि माझ्या पांढऱ्या केसांपुढे तिनं मान तुकवली. घरी जाऊन शब्दकोश मांडीवर घेऊन तिनं ते सगळं रडगाणं इमानेइतबारे फ्रेंचमध्ये केलं आणि पाच विद्यापीठांना पाठवलं.

मुंबईच्या मुलाखतीत एक फ्रेंच बाई होत्या. रोशनी समोर बसताच त्यांनी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला, मग बिस्किटांची बशी. मग फार हळू आवाजात विचारलं, घरी सगळे जेवतात ना? रोशनी म्हणाली, हो, जेवतात. बाईंना जरा हायसं वाटलं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही मोठ्या अडचणीत आहात हे तुमच्या पत्रातून कळतं. तुम्हाला शिकायचं काय आहे, ते मात्र कळत नाही."

पाचही विद्यापीठांचं उत्तर नाही असं आलं.

हे सगळं रोशनीनं मला माझ्याच बाकावर बसून सांगितलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. बिस्किटांचं सांगताना तर हसलीसुद्धा. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. शिकलेली पोर मला सांगत होती की ही ओळ नको, आणि मी तिला माझ्या अनुभवाचा टेंभा मिरवून गप्प केलं होतं. तिचं एक वर्ष माझ्या हातानं गेलं, हे मी आजही नाकारत नाही. त्यात तिच्या भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र दोनच वर्षं चालणार होतं. म्हणजे पुढचं वर्ष हीच शेवटची संधी. मधल्या काळात ती नागपूरला एका रंगाईच्या कारखान्यात लागली.

पुढच्या वर्षी पत्रं पाठवायची वेळ आली तेव्हा ती पुन्हा आली. या खेपेस एकटी. मी हात जोडले. "बाई, या वेळी तूच लिव. मी कागदाले हातबी लावत नाई."

"लिवलं, काकाजी. वाचून तर पाहा."

तिनं मराठीत वाचून दाखवलं. लहानपणापासून तिला फ्रान्सची ओढ होती. तिथली कला, तिथली संस्कृती, तिथले महाल. संगणकावर शेकड्यानं मिळतात, तसलं पत्र होतं.

"लहानपणापासून ओढ होती तुले?"

"नाई जी. बारावीपर्यंत नकाशातबी दाखवता आला नसता मले."

"मंग हे कायले लिवलं?"

"तुम्ही कायले लिवली होती उपासमार?"

आम्ही दोघंही हसलो. आणि हसता हसता माझ्या ध्यानात आलं की मागच्या वर्षी मी माझं खरं काम केलंच नव्हतं. अर्ज लिहिण्याआधी अर्जनवीस प्रश्न विचारतो. अडाणी माणूस धसका घेऊन येतो, त्याला कुठून सुरुवात करावी कळत नाही. तेव्हा त्याला चार गोष्टी विचारायच्या: काय झालं, कधी झालं, कोणी पाहिलं, आणि मागणी काय. इतकी वर्षं मी धुऱ्यावरच्या आंब्यासाठीसुद्धा हे विचारत आलो. रोशनीला मात्र एक शब्द विचारला नव्हता. ती शिकलेली, तिचे वडील ओळखीचे, तिला काय विचारायचं? सरळ साच्यात घातली.

मी टाइपरायटर बाजूला सारला. "सांग. काय झालं?"

ती बाकावर पुढे सरकून बसली. मग म्हणाली, "काठ फाटते, काकाजी."

आमच्याकडच्या साडीची गोष्ट माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. तिचं अंग कोशाच्या रेशमाचं आणि काठ सुताचा. काठाला करवतीसारखे दाते असतात. विणताना अंगाचा धागा वेगळ्या धोट्यानं आणि दोन्ही काठांचे धागे वेगळ्या धोट्यांनी चालवायचे आणि दर ओळीला एकमेकांत अडकवायचे. साडीचं सगळं सौंदर्य त्या जोडात. आणि गणपतरावांच्या साड्या नेमक्या त्या जोडावर उसवायच्या.

"कधीची गोष्ट?"

"मी दहावीत होती. नागपूरची एक बाई साडी वापस घेऊन आली. काही बोलली नाई, खाटेवर ठेवली अन् काठ दाखवला. बाबा म्हणाले, तुम्ही घासून धुतली असन. बाई गेली. पुन्हा नाई आली कधी."

"घासून धुतली होती?"

"नाई."

"तुले काय माहीत? कोणी पायलं?"

तिनं आवाज बारीक केला. "मी. एक जुनी साडी बादलीत धुतली, वाळवली, पुन्हा धुतली. घासली नाई. बाबाच्या चोरीनं सहा वेळा. सहाव्या धुण्याले जोडावर गेली. सूत आकसते, कोसा आकसत नाई तेवढा, अन् जोडावर वढ बसते, असं मले वाटते. पण वाटून काय होते? मापता आलं पायजे."

"मागणी काय?"

"कोसा अन् सूत एकाच पाण्यात वेगळे काहून वागते, ते मले समजलं पायजे. धाग्याची वढ मोजाच्या मशिनी हाय ल्योंले, अन् शिकवणारे हाय. वापस आली का बाबाच्या साडीचा काठ फाटाचा नाई. बस."

ती हे बोलताना तिचा चेहरा मी पाहिला. इतक्या वर्षांत माझ्या बाकावर बसून इतक्या सरळपणे कोणी काही मागितलं नव्हतं. मी टाइपरायटर ओढला आणि ती बोलली तसं उतरवलं. पहिलंच वाक्य होतं, 'आमच्या घरी विणलेल्या साडीचा काठ सहाव्या धुण्याला फाटतो, आणि का फाटतो ते आमच्या घरात कोणालाच माहीत नाही.' सगळं मिळून पाऊण पान. त्यात ना कुठे गरिबी, ना दया, ना मेहेरबान. माझ्या हातून असा अर्ज पहिल्यांदाच निघाला. काढून वाचला तर मलाच चोरट्यासारखं वाटलं. पण तो चांगला होता. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला अर्ज होता आणि त्यातलं एक वाक्यही माझं नव्हतं.

मुलाखतीला त्याच बाई होत्या. या वेळी बिस्किटं आली नाहीत. त्यांनी विचारलं, फाटतो म्हणजे नक्की कसा फाटतो? रोशनीनं पिशवीतून साडीचा तुकडा काढला. बाईंनी चष्मा काढून तो डोळ्यांजवळ नेला, नखानं जोड चाचपला, शेजारच्या खोलीतून आणखी एका माणसाला बोलावलं. तिघांची डोकी त्या वीतभर तुकड्यावर जुळली. दहा मिनिटांची मुलाखत पाऊण तास चालली. बाहेर येताच रोशनीनं मला फोन केला. ती इतकी हसत होती की मला आधी काही कळेचना. "काकाजी, मी निघाली तरी त्यायचं प्रश्न विचारणं संपेना."

वसंतात उत्तर आलं. ल्योंचं विद्यापीठ हो म्हणालं. मी कचेरीत टेबलाटेबलावर जाऊन सांगितलं. बड्या बाबूंना सांगितलं, शिपायांना सांगितलं, जन्माच्या दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसांनाही सांगितलं. त्या दिवशी माझ्या टेबलावरचे पेढे खाल्ल्याशिवाय मी कोणाचा अर्ज घेतला नाही. आंब्यावाले दोघे म्हातारे आलेले होते. त्यांनी फ्रान्स कोणत्या तालुक्यात येतं ते विचारलं आणि दोन-दोन पेढे उचलले.

आणि नेमकी त्याच संध्याकाळी गोष्ट फिसकटली. गणपतरावांनी मोठ्या कौतुकानं विचारलं, असं लिवलं तरी काय होतं मुन्शीजीनं? नागपूरहून आलेल्या रोशनीनं आनंदाच्या भरात पत्र मराठीत वाचून दाखवलं. पहिल्याच वाक्याला ते खाटेवरून उठले.

"सातासमुद्रापार जाऊन आपल्या मालाची बदनामी केली तुनं," एवढंच म्हणाले आणि मागावर जाऊन बसले.

विद्यापीठ हो म्हणालं तरी व्हिसा बाकी होता. त्याच्या कागदांत वडिलांचं प्रतिज्ञापत्र लागत होतं, की मुलीच्या शिक्षणाचा आणि राहण्याचा भार मी उचलीन. ते मी स्टॅम्प पेपरवर टाइप करून ठेवलं होतं. गणपतराव सही करायला येईनात. नाही म्हणत नव्हते, येतही नव्हते. बाजारात समोर आले तरी रस्ता बदलायचे. व्हिसाची तारीख ठरलेली होती. बारा दिवस उरले, मग नऊ. रोशनी रोज सकाळी नागपूरहून फोन करून विचारायची, आले का? मी म्हणायचो, येतीन. मला तिचं तोंड दिसत नव्हतं तेच बरं. एकदा माझ्या अर्जातल्या खोट्यानं तिचं वर्ष गेलं होतं. आता खऱ्यानं सगळंच जाणार, असं मला वाटायला लागलं.

मी एकदा त्यांच्या घरीही जाऊन आलो. माग चालू होता. त्यांनी वर पाहिलं नाही. मी उभा राहिलो, पाणी प्यालो, आणि परत आलो.

पाच दिवस उरले असताना ते आले. माझ्यासमोर दोन गिऱ्हाइकं होती. गणपतराव बाकाच्या टोकाला बसले आणि आपला नंबर येईपर्यंत हलले नाहीत. समोरच्या माणसाचं नाव मी दोनदा चुकवलं.

"वाचा," ते म्हणाले.

मी प्रतिज्ञापत्र वाचलं. मी गणपतराव हेडाऊ, व्यवसाय हातमाग विणकर, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, कुमारी रोशनी ही माझी मुलगी असून तिच्या फ्रान्समधील शिक्षणाचा व राहण्याचा सर्व भार मी उचलीन.

"येवढंच?"

"येवढंच."

"खाली जागा हाय ना?"

"हाय."

"मंग लिवा. साडीचा काठ फाटते. धुणाऱ्या बाईची चूक नाई. माह्या विणण्यात हाय."

मी थांबलो. "गणपतराव, हे व्हिसावाल्यायले नाई लागत जी."

"त्यायले नसन लागत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, टाइपरायटरकडे पाहिलं. "पोरीनं एकटीनं लिवलं होतं. अर्जाले साक्षीदार लागते का नाई? तुम्हीच तर विचारता सगळ्यायले, कोणी पायलं म्हणून. मी पायलं. वीस वर्षापासून पाहून राहिलो."

मी स्टॅम्प पेपर पुन्हा टाइपरायटरवर चढवला. ओळ जुळवायला जरा वेळ लागला, कारण मला नीट दिसत नव्हतं.

तो कागद पुढे रोशनीनं त्या ओळीसकट भाषांतर करून फायलीत लावला. व्हिसा आला आणि पोळ्याच्या आधी ती गेलीसुद्धा. पण त्या दिवशी, गणपतरावांची सही झाली तरी, प्रतिज्ञापत्रावर कचेरीचा शिक्का अजून बाकी होता. आम्ही दोघं आत गेलो. नायब तहसीलदार नवे होते, तरुण. त्यांनी कागद वाचला, शेवटच्या ओळीपाशी थांबले, पुन्हा वाचला. मग मान वर करून विचारलं, "हे साडीचं काय आहे? खरं आहे का हे?"

गणपतरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"खरं हाय, साहेब. मीच विणली."